‘लिमिटेड एडिशन’ची मर्यादा कुणी घालायची?



दशलक्षण झालं, क्षमावणी झाली, आणि आता घरोघरी दिवाळीच्या खरेदीचं बोलणं सुरू आहे. मागच्या आठवड्यात महिला मंडळाचा स्वाध्याय संपल्यावर एका नव्या सुनेने मला बाजूला घेऊन विचारलं, “काकू, मोठ्या डिझायनरचे कपडे हल्ली साध्या दुकानात थोड्या किमतीत येतात. ते घेतले तर काय हरकत आहे? पाच लाखांचा घागरा म्हणजे परिग्रह, हे पटतं. पण त्याच माणसाने काढलेला कुर्ता पाच हजारांत मिळाला, तर ती काटकसरच झाली ना?”

प्रश्न चांगला आहे, आणि ती थट्टेने विचारत नव्हती. बस्तीच्या पायरीवर चपला घालता घालता त्याचं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते. किंमत कमी आहे म्हणून ही खरेदी साधी होत नाही. पाच लाखांचा घागरा आपल्यातल्या बहुतेकींना मोहात पाडतच नाही, तो आपल्या गावचाच नाही. मोह होतो तो पाच हजारांच्या कुर्त्याचा.

ज्या ज्येष्ठ भगिनींना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जगभर शाखा असलेलं, परवडणाऱ्या कपड्यांचं एखादं मोठं दुकान एखाद्या नामवंत डिझायनरला बोलावतं. तो त्यांच्यासाठी एक छोटा संग्रह काढतो. लेबलवर दोघांची नावं. माल मोजका, विक्रीची तारीख ठरलेली, आणि आधी कित्येक दिवस मोबाइलवर जाहिरातींचा मारा. संपला की संपला, पुन्हा येणार नाही असंही सांगितलेलं असतं. मुली याला ‘कोलॅब’ म्हणतात.

पूर्वी डिझायनर मंडळी याला भीत असत. हॅल्स्टन नावाचा अमेरिकेतला फार मोठा डिझायनर होता. त्याने १९८३ मध्ये जे. सी. पेनी या सर्वसामान्यांच्या दुकानासाठी कपडे काढले, तेव्हा न्यूयॉर्कच्या बर्गडॉर्फ गुडमन या उंची दुकानाने त्याचा माल ठेवणंच बंद केलं. स्वस्त दुकानात गेला म्हणून पत गेली, असा तो हिशेब. वीस वर्षांनी वारं फिरलं. नोव्हेंबर २००४ मध्ये स्वीडनच्या एच अँड एमने शनेलच्या कार्ल लागरफेल्डला आणलं आणि कितीतरी शहरांत ते कपडे काही तासांत संपले. तेव्हापासून हे दरवर्षीचंच झालं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेटने इटलीच्या मिसोनीचा माल काढला, तर गर्दीने त्यांची वेबसाइट बंद पडली. २०१५ मध्ये बाल्माँच्या कपड्यांसाठी लोक एच अँड एमच्या दारात रात्र रात्र रांगा लावून बसले, आणि तेच कपडे लगोलग ईबेवर कितीतरी जास्त भावाने विकायला आले.

यात लागरफेल्डची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. माल संपल्यावर तो खूश झाला असेल असं आपल्याला वाटेल. पण तो दुकानावरच नाराज झाला. इतका थोडा माल काढला, लहान गावांतल्या माणसांना तो मिळालाच नाही, हे काही बरं नाही, असं त्याने उघड बोलून दाखवलं. आपले कपडे सगळ्यांना मिळावेत म्हणून तो त्यात पडला होता. म्हणजे माल कमी काढायचा, हे ठरवलं होतं दुकानाने.

आपल्याकडे एच अँड एम २०१५ मध्ये दिल्लीत आलं. १२ ऑगस्ट २०२१ ला त्यांनी सब्यसाची मुखर्जींबरोबरचा संग्रह विक्रीला काढला, तो तर तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. त्यात एक साडी होती, ९,९९९ रुपयांची. ज्या माणसाचे लग्नाचे घागरे लाखांत जातात त्याची साडी दहा हजारांच्या आत! बहुतेक माल काही मिनिटांत संपला, आणि थोड्याच वेळात लोक तो चढ्या भावाने पुन्हा विकायला लागले.

मग कोलकात्याच्याच अनामिका खन्ना. तारीख ४ सप्टेंबर २०२५. पंचांग काढून बघा, त्या दिवशी आपल्या दशलक्षणातला आठवा दिवस होता, उत्तम त्याग. कंपनीला आपलं पर्व ठाऊक असायचं काही कारण नाही, जगभरच्या दुकानांसाठी एकच तारीख होती, त्यामुळे मी त्यांना बोल लावत नाही. पण सकाळी त्यागावर प्रवचन ऐकून आलेल्या किती जणींच्या मोबाइलवर त्याच दिवशी ‘त्वरा करा, मोजकेच नग शिल्लक’ आलं असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

‘लिमिटेड’ म्हणजे मर्यादित. हा शब्द आपल्याला परका आहे का? श्रावकाच्या अणुव्रतांतलं पाचवं व्रत परिग्रह परिमाण. परिमाण म्हणजे माप, मर्यादाच. शेत, घर, सोनं, धान्य अशी जी यादी आपण स्वाध्यायात वाचतो तिच्यात शेवटी ‘कुप्य’ येतं. तत्त्वार्थसूत्रावरच्या जुन्या टीकेत कुप्य म्हणजे सुती आणि रेशमी वस्त्रं, चंदन वगैरे असा खुलासा आहे. कपाटातल्या साड्या मोजा, असं आचार्यांनी दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे आणि आपण समजतो की परिग्रह म्हणजे फक्त सोनं आणि प्लॉट.

त्या व्रतात मर्यादा मी घालते. मला किती पुरे, हे मी ठरवते. दुकानाच्या मर्यादेत मला किती पुरे हा प्रश्नच येत नाही. त्यांनी किती नग काढले एवढाच आकडा असतो, आणि तो मला सांगतातही नाहीत, फक्त ‘कमी आहेत’ एवढं सांगतात. आकडा दोन्हीकडे लहानच. पण आपण घेतलेल्या नियमाने मन निवतं आणि त्यांच्या मर्यादेने जीव खालीवर होतो. माझ्या दृष्टीने एवढा एक फरक कळला तरी पुष्कळ झालं.

आणि ती टंचाई खरी तरी असते का? येवल्याच्या मागावर पैठणी विणायला एकेका कारागिराचे महिने जातात. तिथे माल कमी असतो कारण हात दोनच आणि दिवस चोवीस तासांचाच. तरी तो विणकर तुम्हाला घड्याळ लावून बसवत नाही. उलट म्हणतो, ताई, पुन्हा या, तुमच्या रंगात विणून देतो. (पैठणीचं नाव घेतलं म्हणून कुणी रेशमाचा प्रश्न काढेल, म्हणून सांगते, मी रेशीम नेसत नाही. एका साडीमागे हजारो कोश उकळत्या पाण्यात जातात. मी बोलतेय ती विणकराच्या हातांबद्दल.) याउलट जी कंपनी साधे टी-शर्ट अफाट संख्येने शिवून घेते, तिला छापील कुर्ते आणखी काढायला काय अडचण? यंत्र आहे, कापड आहे, शिवणारे आहेत. माल कमी असतो कारण कमी ठेवायचं ठरवलेलं असतं.

का ठरवतात, ते माझ्या भाचीकडून मला कळलं. ती पुण्यात नोकरी करते, एकटी राहते, हिशेबी मुलगी आहे. अशाच एका कोलॅबच्या दिवशी (दुकानाचं नाव घेत नाही) तिने सकाळचा गजर लावला. मोबाइल, लॅपटॉप आणि खोलीतल्या मैत्रिणीचाही मोबाइल घेऊन बसली. हवा होता तो एक जाकीट. पिशवीत पडला, पैसे भरेपर्यंत गेला. दुसरा रंग टाकला, तोही गेला. सात-आठ मिनिटांत खेळ आटोपला. मी विचारलं, मग काय केलंस? म्हणाली, “दोन टॉप आणि एक पँट घेतली मावशी. कोलॅबमधली नव्हे, त्यांचीच साधी. इतका वेळ बसले होते, रिकाम्या हाताने उठवेना.” त्या तीनपैकी एकही गोष्ट तिला आदल्या रात्री नको होती.

दुकानाला जाकीट विकण्यापेक्षा ही खरेदी जास्त हवी असते. जाकीट संपलं तरी त्यांचं काही बिघडत नाही, ते संपावं म्हणूनच मोजकं केलेलं असतं. त्याच्या निमित्ताने दाराशी आलेली माणसं बाकीचा माल घेऊन जातात, बातम्या छापून येतात, आणि एरवी त्या दुकानात न शिरणाऱ्या घरांपर्यंत नाव पोचतं. डिझायनरलाही लाखो नवे लोक नावाने ओळखू लागतात, ज्यातली एखादी पुढे मुलीच्या लग्नात खरोखर त्याच्या मोठ्या दुकानात जाईल. दोघांचाही धंदा आहे आणि धंदा करणं हा काही गुन्हा नव्हे, आपली निम्मी माणसं व्यापारातच आहेत. फक्त आपण ज्याला ‘मिळवलं’ म्हणतो ते त्यांच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिलेलं असतं, तेवढं माहीत असावं.

आता काटकसरीचा मुद्दा. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोग आणि उपभोग यांचा फरक सांगितला आहे. एकदा वापरून संपतं ते भोग. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते उपभोग, आणि त्याला उदाहरण म्हणून वस्त्रच दिलं आहे. कापड पुन्हा पुन्हा वापरायचं असतं, हे इतकं सरळ की कुणी सांगायची गरज पडू नये. माझ्या सासूबाईंच्या सुती साड्या आधी बाहेर नेसायच्या, मग घरात, मग त्यांची दुपटी, मग भांड्यांची फडकी. ‘फाटली’ असं कुणी म्हणायचंच नाही, फक्त तिचं काम बदलायचं.

कोलॅबच्या कपड्याचं काय होतं? तो ओळखू येतो. ओळखू यावा म्हणूनच घेतलेला असतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीने असाच एक कुर्ता-सेट साखरपुड्याला घातला. छान दिसत होती. जेवताना समोरची एक जण म्हणाली, “हा तोच ना गं, त्या महिन्यातला? तुला मिळाला?” झालं. कुठला, केव्हाचा, कितीचा, सगळं एका वाक्यात पंगतीला कळलं. त्यानंतर ती मुलगी तो सेट पुन्हा घालेना. म्हणते, सगळ्यांना पाठ झालाय, फोटो सगळीकडे आहेत, पुन्हा घातला तर ‘हिच्याकडे तेवढा एकच आहे’ असं वाटेल. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. साधा मोरपंखी कुर्ता असता तर तिने पंचवीस वेळा घातला असता आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पाच हजार भागिले एक आणि पाचशे भागिले पंचवीस, हा हिशेब आपल्या व्यापारी घरांत मांडून दाखवायला नको.

उपभोगाची वस्तू अशी भोगाची होऊन बसते. घेतल्याची किंमत कमी, पण दर वेळी घातल्याची किंमत बघितली तर लाखाच्या घागऱ्याच्याच जातीची. तोही एकदाच घातला जातो.

कारागिरांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण हा विषय आपल्या यात्रांशी जोडलेला आहे. जयपूरकडच्या यात्रेला गेलेल्या बहुतेकींनी श्री महावीरजी आणि पदमपुराबरोबर सांगानेरच्या संघीजींच्या मंदिराचंही दर्शन घेतलं असेल. दर्शन झालं की बस थांबते ती ठशाच्या कापडाच्या दुकानांशी, आणि मग पुढचा कार्यक्रम तासभर लांबतो. तिथे आत जाऊन छपाई बघितली आहे का कधी? लांबच लांब टेबलावर पांढरं कापड ताणून लावलेलं. कारागीर लाकडी ठसा रंगाच्या तबकात टेकवतो, कापडावर ठेवतो, वरून मुठीने ठोकतो, की पुढे. आधी रेघांचा ठसा, मग आत भरायच्या प्रत्येक रंगाचा वेगळा. चार रंगांची नक्षी म्हणजे त्याच कापडावर चार फेऱ्या. जवळून बघितलं तर कुठे रंग रेघेबाहेर केसभर गेलेला दिसतो. त्या केसभर सरकण्यावरूनच हातकाम ओळखायचं असतं.

२०२१ मध्ये सब्यसाचींच्या त्या संग्रहात भारतीय छापांची अशीच नक्षी होती, पण ती ठशांनी हाताने उठवलेली नव्हती. म्हणून हस्तकलेत काम करणाऱ्या संस्थांनी त्यांना खुलं पत्र लिहिलं. त्यांचं दुखणं असं की, जगभर ‘भारत’ म्हणून जे विकलं जातंय ते भारतीय कारागिराने केलेलं नाही, आणि त्याच्या कमाईत त्यामुळे काही भर पडलेली दिसत नाही. इतकी मोठी संधी होती, ती कारागिरांना मिळाली असती तर किती घरं उभी राहिली असती, हा त्यांचा सूर. सब्यसाचींनी उत्तर दिलं की भारतीय डिझाइनला जगाच्या नकाशावर नेणं हा हेतू होता, आणि हातकामाचं त्यांचं मूळ काम आहेच.

मी दोन्ही बाजू वाचल्या. डिझायनर खोटं बोलतो आहे असं मला वाटत नाही. त्याच्या मोठ्या दुकानात हातकाम होतंच, आणि दहा हजारांच्या आतली साडी जगभर पोचवायची तर ती हाताने छापून पुरवणं कठीण, हेही खरं. पण मग माझा प्रश्न उरतो. हात वगळले तर आपण त्या साडीत नेमकं काय विकत घेतो? छाप तीच दिसते, पण छापणारा त्यात नाही. कापड यंत्राचं, शिवण कारखान्यातली, आणि वर एक नाव. त्याच पैशात सांगानेरच्या ठशांच्या सुती साड्या एकाहून जास्त आल्या असत्या, आणि त्यांतला काही भाग ठसा मारणाऱ्या हाताला गेला असता. अहिंसा म्हणजे फक्त कंदमूळ न खाणं नव्हे, कुणाच्या ताटातलं आपल्याकडे येतंय हेही बघणं आहे, असं माझं मत.

नावाचं मला अप्रूप का नाही, याला कारण माझं माहेर. इचलकरंजीचं. आमच्या गल्लीत रात्रंदिवस यंत्रमागांची खटखट चालायची. पाहुणे म्हणायचे, झोप कशी लागते? आम्हाला वीज गेली आणि माग थांबले की जाग यायची. त्या मागांवरून किती कापड बाहेर पडत असेल याचा अंदाज नाही करता येणार, पण त्यावर कुणाचंही नाव नसायचं. कोरं कापड ट्रकमध्ये भरून परगावी रंगायला-छापायला जायचं आणि शेवटी कुठल्या दुकानात, कुठल्या लेबलखाली निघायचं, ते विणणाऱ्याला कधीच कळायचं नाही. कपड्याच्या किमतीत कापड किती आणि नाव किती, हा प्रश्न मला म्हणूनच पडतो. आमचे वडील दुकानात कुठलंही कापड हातात घेतलं की आधी उलटं करून बघायचे, मग चिमटीत धरून उजेडाकडे. लेबल वाचायचं राहूनच जायचं.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. या कपड्यांच्या मागे लागणाऱ्या मुलींना उथळ म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. चांगली बेतणी, चांगली रंगसंगती ही इतकी वर्षं श्रीमंतांचीच मिरास होती. बेळगाव-सांगलीकडच्या मुलीला मासिकातला फोटो दाखवून गल्लीतल्या शिंप्याकडून ओढूनताणून तसं शिवून घ्यावं लागायचं. तिला तेच मूळ माणसाच्या हातचं, तिच्या पगारात मिळतंय म्हटल्यावर तिचा जीव का ओढला जाऊ नये? शिवाय आपण मोठ्या बायका कुठे धुतल्या तांदळासारख्या आहोत? पंचकल्याणकाला कुणी कुठली साडी नेसली याची नोंद मांडवात चोख ठेवली जाते. मुली ते घरातच शिकतात, मोबाइलवर नुसतं त्याचं दुकान उघडलं आहे.

आणि मुलींनाच का बोलायचं? मुलगे काय कमी आहेत? बुटांच्या कंपन्या गाणाऱ्यांबरोबर, खेळाडूंबरोबर असेच मोजके जोड काढतात आणि आपली पोरं त्यासाठी पहाटे उठतात. देवदर्शनाला उठा म्हटलं तर उठत नाहीत. वर त्यांतले कितीतरी बूट चामड्याचे! ज्या घरात बटाटा येत नाही त्या घराच्या चपलांच्या मांडणीत ते दिमाखात ठेवलेले मी पाहिले आहेत. मुलीच्या कुर्त्यावर प्रवचन आणि मुलाच्या बुटांवर मौन, हे चालणार नाही. या बाबतीत स्टेला मॅकार्टनी या इंग्लिश डिझायनरचं मला कौतुक आहे. तिनेही २००५ मध्ये एच अँड एमसाठी कपडे काढले होते, आणि ती स्वतःच्या कामात चामडं आणि फर वापरत नाही. म्हणजे मनात आणलं तर या धंद्यातही नियम पाळता येतो.

मग घ्यायचं की नाही? मी कुणाला ‘घेऊच नका’ सांगणार नाही, तो नियम ज्याचा त्याने घ्यायचा. मी घरात काय करते ते सांगते. सुनेला आणि मुलीला मी एवढंच म्हटलं आहे की, हवी असलेली वस्तू आधी लिहून ठेवा, दुकानाची जाहिरात येण्याआधी. दिवाळीला गडद निळा सुती कुर्ता हवा आहे, असं वहीत आहे आणि तो योगायोगाने कोलॅबमध्ये आला, तर बघा, उलटा करून शिवण बघा, कापड कशाचं ते वाचा, आणि घ्या. वहीत नसलेली गोष्ट मोजकी आहे म्हणून घरात येणार नाही. पुन्हा विकणाऱ्याकडून जास्त पैसे देऊन तर मुळीच नाही. आमच्या ओळखीच्या एकीने अशा एका अनोळखी विक्रेत्याला दुप्पट पैसे पाठवले आणि हातात आली ती नक्कल. तक्रार कुणाकडे करणार?

सुनेने पहिल्या महिन्यात वहीत अकरा गोष्टी लिहिल्या होत्या. दोन महिन्यांनी तिनेच सात खोडल्या. मी काही बोलले नव्हते.

आमच्या महिला मंडळातही यंदा एक प्रयोग ठरतोय. चातुर्मासात आपण रसाचे, हिरव्या भाजीचे नियम घेतो तसा पुढच्या चातुर्मासात कपड्यांचा घ्यायचा. चार महिने नवीन वस्त्र नाही, आणि पर्वाच्या दहा दिवसांत असलेल्या दहाच साड्या आलटून पालटून, त्याही आधीच्या वर्षी नेसलेल्या. दोघी-तिघींनी लग्नघरांची अडचण काढली आहे, ती खरी आहे, त्यांच्यासाठी आहेरात आलेल्या कपड्यांची सूट ठेवावी का यावर अजून एकमत झालेलं नाही. लहान मुलांचे शाळेचे कपडे अर्थात यात नाहीत. तुमच्या गावच्या मंडळात असा नियम कुणी घेतला असेल तर आहेराचं काय केलंत ते मला जरूर कळवा, पुढच्या बैठकीआधी हवं आहे.